बुद्धिवादी म्हणवतात, मग देव का सिद्ध करत बसतात?

प्रश्न असा आला आहे: 'बुद्धिवादी म्हणजे देवधर्म न मानणारा, असं मी लहानपणापासून समजत आलो. आता पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं, तर देकार्त, स्पिनोझा आणि लायब्निझ या तिघांना बुद्धिवादी म्हटलंय आणि तिघंही देवाचं अस्तित्व सिद्ध करतायत. मग बुद्धिवाद म्हणजे नेमकं काय? आणि साडेतीनशे-चारशे वर्षांनी त्यातलं आपल्या कामाचं काय उरलं?'

सव्वीस वर्षं मी महाविद्यालयात हाच विषय शिकवतो आहे आणि जवळजवळ दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच. प्रश्न रास्त आहे. घोटाळा आपल्या शब्दाचा आहे, म्हणून आधी तो सोडवू.

मराठीत 'बुद्धिवाद' म्हटलं की आगरकर आठवतात. १८८८ साली 'सुधारक' सुरू करून त्यांनी केशवपन, बालविवाह, सोवळंओवळं हे सगळं बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिलं. पण आगरकरांनी शिदोरी घेतली ती मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांकडून. मिल तर ज्ञान अनुभवातूनच येतं असं ठामपणे मानणारा, लॉक आणि ह्यूम यांच्या वळणाचा. म्हणजे आपला सामाजिक बुद्धिवाद ज्या घराण्यातून आला, ते तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मुख्यतः अनुभववादी घराणं आहे. पुस्तकातला बुद्धिवाद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे प्रश्न 'देव मानायचा का' हा नाही. प्रश्न आहे, जगाविषयीचं पक्कं ज्ञान आपल्याला मिळतं कुठून? डोळे, कान, नाक यांच्याकडून, की बुद्धीकडून? ज्यांनी 'शेवटी बुद्धीकडून' असं उत्तर दिलं ते बुद्धिवादी. त्यातला माणूस आस्तिक असू शकतो आणि नास्तिकही. दोन खोल्यांची नावं एकच पडली आहेत, त्यामुळे पाहुणा चुकीच्या खोलीत शिरतो.

'शेवटी बुद्धीकडून' म्हणजे काय, हे व्याख्येने कळत नाही. मी वर्गात मेण दाखवतो. देकार्तच्या १६४१ सालच्या 'चिंतनां'मध्ये दुसऱ्या चिंतनात मेणाचा एक तुकडा येतो, नुकताच पोळ्यातून काढलेला. काही वर्षांपूर्वी महाबळेश्वरकडच्या एका विद्यार्थिनीने मला तसं खरं मेण आणून दिलं, तेव्हापासून मेणबत्तीवर भागवणं मी बंद केलं. तुकडा सगळ्यांच्या हातातून फिरतो. पिवळसर रंग, मधाचा वास, जिभेला किंचित गोडसर, हाताला गार आणि घट्ट, बोटाने टिचकी मारली तर बारीक टक्क आवाज. पाची इंद्रियांनी आपापली साक्ष दिली. मग तो वाटीत घालून खाली काडी लावायची. वास उडतो, रंग पालटतो, आकार जातो, टिचकी मारायला काही उरत नाही, हात लावला तर भाजतं. मग मी विचारतो, हे तेच मेण का? सगळे म्हणतात, तेच. कशावरून? इंद्रियांनी दिलेली एकही साक्ष आता टिकलेली नाही, पाचही साक्षीदार फिरले. तरी 'तेच' हा निकाल तुम्ही दिलात. तो कोणी दिला?

वर्ग थोडा वेळ गप्प होतो. ती शांतता मला फार मोलाची वाटते. देकार्तचं म्हणणं असं की निकाल बुद्धीने दिला. बदलणाऱ्या रूपांमागे जागा व्यापणारी, असंख्य आकार घेऊ शकणारी एक वस्तू आहे, हे कोणाला डोळ्यांनी दिसलेलं नसतं, ते समजलेलं असतं. या युक्तिवादावर आक्षेप घेता येतात आणि घ्यावेतही. पण 'बुद्धिवादी इंद्रियांना खोटं म्हणतात' हा समज इथे गळून पडतो. साक्षीदार हवेतच. निकाल मात्र साक्षीदार देत नसतो.

दुसरा समज असा की ही माणसं खुर्चीत बसून जग रचत होती. देकार्तचं पहिलं प्रसिद्ध पुस्तक, १६३७ सालचं 'पद्धतीविषयीचं विवेचन', लायडनला निनावी छापलं गेलं, तेही लॅटिनमध्ये नाही तर फ्रेंचमध्ये, म्हणजे पंडितांपलीकडच्या वाचकालाही वाचता यावं म्हणून. आज आपण ते एकटं वाचतो. मुळात ती प्रस्तावना होती आणि तिच्या मागे तीन निबंध जोडलेले होते: प्रकाशाचं वक्रीभवन, आकाशातल्या घडामोडी आणि भूमिती. इंद्रधनुष्य समजून घ्यायला त्याने काचेचं मोठं गोल भांडं पाण्याने भरलं, त्याला पावसाचा एक थेंब मानलं, आणि भांडं वरखाली करत लाल रंग नेमका किती कोनात दिसतो ते पाहिलं. मग गणिताने दाखवून दिलं की किरण सुमारे ४२ अंशांपाशीच का गर्दी करतात. ॲम्स्टरडॅममधल्या एका हिवाळ्यात तो जवळपास रोज खाटकाच्या घरी जाऊन जनावरं कापताना पाहत असे आणि हवे ते अवयव घरी मागवून फाडून तपासत असे, हे त्याने स्वतः मित्राला पत्रात लिहिलं आहे. नववीत आपण निर्देशक भूमिती शिकतो, अज्ञाताला क्ष आणि य म्हणतो, तिचं मूळ त्याच तिसऱ्या निबंधात आहे. शेवटच्या अक्षरांनी अज्ञात राशी आणि पहिल्या अक्षरांनी ज्ञात राशी लिहायची रीत त्यानेच रुळवली.

आता त्याची चूकही सांगतो, कारण ती लपवली तर विषय कळत नाही. १६४४ सालच्या 'तत्त्वां'मध्ये देकार्तने दोन वस्तूंच्या टकरीचे सात नियम दिले. चौथा नियम असा: मोठी वस्तू स्थिर असेल आणि तिच्यावर लहान वस्तू आदळली, तर कितीही वेगाने आदळो, मोठी जागची हलणार नाही, लहान तेवढी मागे फिरेल. कॅरम खेळलेल्या कोणालाही विचारा. स्ट्रायकर पटावर ठेवा आणि सोंगटी टिचकीने जोरात त्यावर मारा. स्ट्रायकर सरकतो, आणि ते दहा वर्षांच्या पोरालाही दिसतं. देकार्तला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याचं म्हणणं, नियम भोवतीच्या सगळ्या पदार्थांपासून अलग काढलेल्या आदर्श वस्तूंचे आहेत, प्रत्यक्षात आजूबाजूचे कण ढवळाढवळ करतात. माझ्या मते इथे त्याची बुद्धी स्वतःच्या सुबकपणावर भाळली. साक्षीदाराला बोलूच द्यायचं नाही असं ठरवलं की निकाल असा येतो. पुढे लायब्निझने १६८६ साली देकार्तच्या गतीच्या हिशेबातली मोठी चूक दाखवली. विशेष हे की तीही बुद्धीनेच दाखवली, पण पडणाऱ्या वजनांचा हिशेब समोर ठेवून.

देवाकडे येतो. देकार्तच्या मांडणीत देव पूजेसाठी आलेला नाही, तो एका कामासाठी आला आहे. सगळ्यावर संशय घेत घेत देकार्त एका जागी थांबतो: मी संशय घेतो आहे, म्हणजे मी आहे. हे 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' वाक्य 'चिंतनां'त त्या रूपात नाहीच. ते १६३७च्या पुस्तकात फ्रेंचमध्ये आणि १६४४च्या पुस्तकात लॅटिनमध्ये आहे. 'चिंतनां'त तो एवढंच म्हणतो की 'मी आहे' हे वाक्य मी जेव्हा जेव्हा मनात आणतो तेव्हा खरंच असतं. पण यातून फक्त 'मी' हाती लागला. बाहेरचं जग, गणित, उद्याचा दिवस, यांची हमी कोण देणार? मला जे स्पष्ट आणि नेमकं दिसतं ते खरंच आहे, कोणी फसवत नाही, हे कशावरून? इथे तो देव आणतो. देव पूर्ण आहे, पूर्ण असलेला फसवणार नाही, म्हणून स्पष्ट दिसणारं खरं. देव हा त्याच्या ज्ञानाच्या इमारतीचा जामीनदार आहे.

हुशार वाचकाला इथे खटकतंच. देव आहे हे तुम्ही सिद्ध केलंत कशाच्या जोरावर? स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टींच्या. आणि त्या खऱ्या कशावरून? देव आहे म्हणून. जामीनदाराची ओळख ऋणकोच पटवतो आहे! हे वर्तुळ आंत्वान आर्नो या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञाने तेव्हाच दाखवलं, आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की त्याचा आक्षेप देकार्तने स्वतःच्या पुस्तकात छापला. 'चिंतनं' छापण्याआधी हस्तलिखित पॅरिसमधल्या त्याच्या मित्रामार्फत, मेर्सेनमार्फत, टीकाकारांकडे फिरलं. हॉब्ज, आर्नो, गॅसेंदी यांच्यासह सहा आक्षेपसंच आणि त्यांवरची उत्तरं मूळ ग्रंथाला जोडून प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत सातवा आला. मूळ चिंतनांपेक्षा आक्षेप-उत्तरांची पानं कितीतरी जास्त आहेत. बुद्धिवाद म्हणजे काय हे एका वाक्यात सांगा असं म्हणाल, तर मी हे पुस्तक हातात देईन. पायरी पायरी अशी उघडी मांडायची की परक्या माणसाला बोट ठेवून 'ही पायरी डुगडुगते' असं म्हणता यावं.

असं बोट सर्वांत अचूक ठेवणारी व्यक्ती कोणी प्राध्यापक नव्हती. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हेगमध्ये निर्वासित, वय चोवीस. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्र लिहिलं. प्रश्न साधा होता. तुम्ही म्हणता आत्मा म्हणजे केवळ विचार करणारं द्रव्य, त्याला लांबी-रुंदी नाही. एखादी वस्तू हलवायची तर तिला ढकलावं लागतं, त्यासाठी स्पर्श लागतो, स्पर्शाला पृष्ठभाग लागतो. मग ज्याला पृष्ठभागच नाही तो आत्मा शरीराला हलवतो कसा?

देकार्तने वजनाचं उदाहरण दिलं: जडपणा दगडाला खाली नेतो, तिथे कुठे एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलतो असं आपण मानतो? एलिझाबेथचं समाधान झालं नाही. जूनच्या पत्रात तिने लिहिलं की ज्याला आकारमान नाही त्याने शरीर हलवावं हे मान्य करण्यापेक्षा आत्म्यालाच आकारमान आहे हे मान्य करणं मला सोपं वाटतं. त्याच पत्रात घरच्या जबाबदाऱ्यांमुळे या विचारांना पुरेसा वेळ मिळत नाही हेही आहे. हे पत्र मी वाचून दाखवतो तेव्हा वर्गातल्या मुली मान वर करतात. चूल, आजारपणं, पाहुणे सांभाळून अभ्यास करणाऱ्या आहेत त्या. मन आणि शरीर यांचा संबंध हा प्रश्न आज मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळांत जसा विचारला जातो, त्याची धार तिच्या पत्रात आहे. देकार्तने तिला जे उत्तर दिलं त्यात एक कबुली आहे जी पाठ्यपुस्तकांत येत नाही: शुद्ध बुद्धीच्या विचारांना मी वर्षातून काही तास देतो, कल्पनेला लागणाऱ्या विचारांना दिवसातून काही तास, उरलेला वेळ इंद्रियांना आणि मनाला विसावा. बुद्धिवादाचा मूळपुरुष म्हणतो, वर्षातून काही तास!

या एलिझाबेथचं कुटुंब लक्षात ठेवा. तिचा भाऊ कार्ल लुडविग पुढे हायडलबर्गला राज्यावर आला, आणि त्याने १६७३ साली स्पिनोझाला तिथे प्राध्यापकपद देऊ केलं. तिची धाकटी बहीण सोफी लग्न होऊन हॅनोव्हरच्या राजघराण्यात गेली आणि लायब्निझची आयुष्यभराची संवादिनी ठरली. तिघं तत्त्वज्ञ, तिघं भावंडं. बुद्धिवादाची गोष्ट या एका घराच्या अंगणातून सांगता येते, आणि मला ती तशीच सांगायला आवडते.

स्पिनोझाकडे जाताना एक धागा आपल्या किनाऱ्याचा आहे. त्याचे वडील पोर्तुगालमधल्या विदिगेरा गावचे. वास्को द गामा ज्या विदिगेराचा काउंट झाला तेच हे गाव. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंवर धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, नजर असे. त्यातली काही कुटुंबं ॲम्स्टरडॅमकडे गेली, तर काही त्याआधीच पूर्वेकडे गोव्यात आली होती. गोव्यात राहून १५६३ साली औषधी वनस्पतींवर पुस्तक छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच कुटुंबातला. गोव्यात धर्मन्यायालय १५६० साली पोचलं, १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये मेलेल्या ओर्ताची हाडं उकरून जाळली. जुन्या गोव्यात फिरताना मला ॲम्स्टरडॅममध्ये जन्मलेला तो मुलगा आठवतो. त्याचे वडील त्याच झळेतून सुटून गेले होते.

आणि मग त्या सुटलेल्या समाजानेच त्याला वाळीत टाकलं. २७ जुलै १६५६. स्पिनोझा तेवीस वर्षांचा होता. कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, चार हातांच्या आत यायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. स्पिनोझाने नाव बदललं, भिंगं घासून पोट भरलं. ख्रिस्तियान हॉयगेन्ससारखा शास्त्रज्ञ पत्रांतून त्याच्या भिंगांच्या झिलईची वाखाणणी करतो. हायडलबर्गचं पद त्याने नाकारलं. कारण त्या पत्रात एक अट होती, प्रस्थापित धर्माला धक्का लावायचा नाही. स्पिनोझाने कळवलं की विचारस्वातंत्र्य कुठल्या मर्यादेत ठेवलं म्हणजे धर्माला धक्का लागला असं वाटणार नाही, ते मला कळत नाही.

तुमच्या प्रश्नाचं सर्वांत धारदार उत्तर याच्याकडे आहे. त्याचं 'नीतिशास्त्र' भूमितीच्या पुस्तकासारखं लिहिलेलं आहे: व्याख्या, स्वयंसिद्धं, विधानं, सिद्धता. पहिला भाग देवावर, छत्तीस विधानांचा. पण वाचत गेलात की देव पालटत जातो. जगाच्या बाहेर बसून हुकूम सोडणारा, रागावणारा, नवसाला पावणारा कोणी उरतच नाही. अस्तित्वात असलेलं एकच अनंत द्रव्य, त्याला ईश्वर म्हणा किंवा निसर्ग म्हणा. त्याला हेतू नाहीत, सगळं त्याच्या स्वभावातून अटळपणे निघतं, जसं त्रिकोणाच्या स्वभावातूनच निघतं की त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते.

त्या भागाच्या परिशिष्टात एक दगड आहे. छपरावरून दगड पडला आणि खालून जाणारा माणूस मेला. लोक म्हणतात, देवाची इच्छा. तुम्ही म्हणता, नाही, वारा सुटला होता आणि माणूस नेमका तिथून चालला होता. ते विचारतात, वारा तेव्हाच का सुटला? आदल्या दिवशी समुद्र खवळला होता. माणूस तिथूनच का चालला होता? मित्राने बोलावलं होतं. मग समुद्र का खवळला, मित्राने तेव्हाच का बोलावलं? असं 'का, का' विचारत लोक थांबत नाहीत, जोवर समोरचा 'देवाची इच्छा' या आश्रयाला पळत नाही. त्या आश्रयाला स्पिनोझा अज्ञानाचा आसरा म्हणतो. गंमत पाहा: हा डाव तो विरोधकांचा म्हणून सांगतो, 'का'ची साखळी ते माणसाला निरुत्तर करण्यासाठी वापरतात. स्पिनोझाला तीच साखळी हवी आहे, पण निरुत्तर होण्यासाठी नाही, पुढची कडी शोधण्यासाठी. ज्याने प्रत्येक 'का' खरोखर पुढे नेला त्याला पाखंडी म्हणतात, असं तो तिथेच लिहितो. असा देव सिद्ध करणारा माणूस आगरकरांच्या अंगणात सहज बसला असता.

इथे वर्गात हमखास एक हात वर होतो: 'सर, हे तर आपलं अद्वैत.' साम्य आहे, पण घाई करू नका. स्पिनोझासाठी जग माया नाही. जागा व्यापणारी वस्तू विचाराइतकीच खरी आहे, दोन्ही त्या एकाच द्रव्याची अंगं. जग पुसून तो एकाकडे जात नाही, जग समजून जातो. दुसऱ्याला आपल्यात ओढून घेतलं की त्याचं ऐकणं थांबतं. ते निदान पहिल्या वाचनात तरी टाळावं.

त्याचं दुसरं पुस्तक, १६७० सालचं 'धर्म आणि राज्य यांवरील प्रबंध', निनावी निघालं, मुखपृष्ठावर खोटं शहर आणि खोटा प्रकाशक. चार वर्षांत बंदी आली. त्यात तो म्हणतो, धर्मग्रंथ निसर्गासारखा वाचा. भाषा कोणती, कोणी लिहिलं, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, पोथ्या एकत्र कोणी केल्या, हे आधी तपासा. शेवटच्या प्रकरणाचं प्रतिपाद्य हे की स्वतंत्र राज्यात प्रत्येकाला हवा तसा विचार करता यावा आणि जे मनात आहे ते बोलता यावं. आधुनिक बायबल-चिकित्सेची आणि विचारस्वातंत्र्याची एक मोठी मुळी इथे आहे.

लायब्निझबद्दल थोडक्यात लिहितो. माझा तो आवडता आहे, पण त्याने स्वतःच इतकं पसरलेलं लिहिलं की थोडक्यात लिहिणं भाग आहे. हजारावर लोकांशी पत्रव्यवहार, कलनशास्त्र, १६७३ साली लंडनला दाखवलेलं हिशेबाचं यंत्र, जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या खाणींतलं पाणी पवनचक्क्यांनी उपसण्याचा फसलेला खटाटोप. नोव्हेंबर १६७६ मध्ये तो हेगला स्पिनोझाला भेटला. त्याचं मुख्य सूत्र एक: पुरेशा कारणाशिवाय काही घडत नाही. दोन गोष्टी अगदी सारख्या असत्या तर ही इथे आणि ती तिथे का, याला कारणच नसतं, म्हणून अगदी सारख्या दोन गोष्टी नसतातच. सोफीच्या बागेत एका दरबाऱ्याला हे पटेना. तिने त्याला सांगितलं, दोन सारखी पानं शोधून आण. तो बागभर हिंडला, सापडली नाहीत. आंब्याच्या झाडाखाली उभं राहून मुलांना हे करायला लावा, मजा येते. पण हेही सांगा की पानं न सापडणं ही सिद्धता नाही. लायब्निझची सिद्धता सूत्रात आहे, पानं केवळ गोडी लावतात.

'हे जग शक्य जगांतलं सर्वांत चांगलं' या त्याच्या मतावर १७५५च्या लिस्बन भूकंपानंतर व्होल्तेरने 'कांदीद'मधून घणाघात केला, तो प्रसिद्धच आहे. त्याने लायब्निझचं जे नुकसान झालं त्याची मला हळहळ आहे, कारण त्याहून मोलाचं दुसरीकडे आहे. १७१४ सालच्या 'मोनॅडशास्त्रा'चा सतरावा परिच्छेद उघडा. तो म्हणतो, समजा विचार करणारं, जाणवणारं एक यंत्र आहे. ते इतकं मोठं करा की पिठाच्या गिरणीत शिरावं तसं आत शिरता येईल. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. जाणीव कशाने होते हे सांगणारं काहीही दिसणार नाही. आज माणसासारखं बोलणाऱ्या संगणकांबद्दल वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक, ठाऊक असो नसो, याच गिरणीत उभे असतात. आणि ती गिरणी चालते त्या शून्य आणि एकच्या अंकगणितावर लायब्निझनेच १७०३ साली निबंध लिहिला होता.

मग उरलं काय? निष्कर्ष फारसे उरले नाहीत. ग्रह सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांत फिरतात असं मानणारं देकार्तचं विश्व न्यूटनने मोडलं, आणि निव्वळ बुद्धीने अनुभवापलीकडचं जग सिद्ध करता येत नाही हे कान्टने १७८१ साली दाखवलं. 'बुद्धिवादी विरुद्ध अनुभववादी' ही सुबक फाळणीही कान्टनंतरच्या इतिहासकारांनी पक्की केलेली आहे. परीक्षेपुरती ती धरा, वाचताना सोडा. उरलं ते अनपेक्षित ठिकाणी. देकार्त म्हणाला मन आणि शरीर वेगळं. पुलें द ला बार या फ्रेंच लेखकाने १६७३ साली त्यातून पुढची पायरी काढली: मग मनाला लिंग नाही, बायकांना शिक्षण आणि पदं नाकारायला आधारच नाही. एलिझाबेथला डुगडुगती वाटलेली तीच पायरी इथे स्त्रियांच्या बाजूने उभी राहिली. हे मला दर वेळी थांबवतं.

लॉक म्हणाला होता, मन कोरी पाटी. लायब्निझने उत्तर दिलं, पाटी नाही, शिरा असलेला संगमरवर. शिरांच्या कलाने मूर्ती घडते, घडवायला छिन्नी लागतेच. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९६६ साली भाषेबद्दल बोलताना या परंपरेचं नाव घेतलं ते यामुळेच. घरातलं तीन वर्षांचं मूल 'मी करलं' म्हणतं. 'करलं' त्याने कोणाकडून ऐकलं? मोठं कोणी तसं बोलत नाही. 'धरलं', 'भरलं' ऐकून त्याने नियम काढला आणि लावला. नियम काढण्याची ही सोय आधीपासून किती घडलेली असते, यावर आजही वाद आहे, आणि तो प्रयोगांनी चालू आहे. आइन्स्टाइनला १९२९ साली कोणी विचारलं, देव मानता का? त्याने तारेने कळवलं, स्पिनोझाचा देव मानतो, जो अस्तित्वाच्या सुसंवादातून प्रकट होतो, माणसांच्या नशिबात आणि कर्मांत लक्ष घालणारा नाही.

तुम्ही वाचायला सुरुवात करणार असाल तर इतिहासाच्या जाड पुस्तकाने करू नका. आधी एलिझाबेथची १६४३ सालची पत्रं वाचा, दोन-तीनच, आणि देकार्तचं उत्तर वाचण्याआधी तिचा प्रश्न स्वतः सोडवायचा प्रयत्न करा. मग पहिली दोन चिंतनं, एका बैठकीत एक. तिसऱ्यापाशी देव येईल, तिथे आर्नोचा आक्षेप शेजारी उघडा ठेवा. स्पिनोझाच्या 'नीतिशास्त्रा'ची सुरुवात पहिल्या पानापासून करणारे दहातले आठ जण तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतात, हे मी इतकी वर्षं पाहतो आहे. आधी पहिल्या भागाचं परिशिष्ट वाचा, तो दगड वाचा, मग मागे जा. मागे गेलात की एक मोठा कागद घ्या, प्रत्येक विधानाचा आकडा लिहा आणि त्याची सिद्धता ज्या आधीच्या विधानांवर उभी आहे तिकडे बाण काढा. अकराव्या विधानापर्यंत पोचाल तेव्हा देव त्या जाळ्यात नेमका कुठे बसला आहे आणि कुठल्या बाणावर तुमचा विश्वास बसत नाही, हे तुमच्याच हाताने काढलेलं समोर असेल. तो बाण मला कळवा, पुढचं उत्तर तिथून लिहितो.